ओल्या बर्फातली जोडी

मित्रांनो, मी बर्फाच्या उतारावर शर्यती धावलेल्या स्कींची एक जुनी जोडी आहे. आम्ही दोघी आहोत, पण एकीवाचून दुसरीचं पाऊल पडत नाही, म्हणून ‘मी’ म्हणते.

माझं अंग लाकडाचं, त्यात धातूचे पातळ थर आणि खाली काळा तळवा. कारखान्यातून माझ्यासारख्या अनेक जोड्या ऊर्सिना कादुफकडे आल्या. ती स्वित्झर्लंडच्या संघातून डाउनहिल, म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली उतरायची शर्यत, धावायची. तिच्या स्की सांभाळणारा गिएरी प्रत्येक जोडी मेण लावून तपासायचा. कडक बर्फावर मी सगळ्यांच्या मागे. ओल्या बर्फावर मात्र कुणाच्या हाती लागायची नाही! ऊर्सिनाचं पहिलं पदक माझ्यावरच आलं. त्या दिवशी गावकऱ्यांनी आनंदाने गाईंच्या गळ्यातल्या घंटा गावभर घणघणवल्या.

पुढे दुसऱ्या जोडीवरून धावताना ती पडली. गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, दोन हिवाळे वाया गेले. दरम्यान मला गावच्या खाणावळीत ठेवलं. मालक प्लात्सी तिच्या चाहत्यांच्या मंडळाचा प्रमुख होता. त्याने मला शेगडीजवळ उभं केलं. हळूहळू माझ्यावर ओले कोट वाळू लागले. तळवा कोरडा पडून पांढरा झाला.

ऊर्सिना परतली, पण वेग परतला नाही. मोसमातल्या शेवटच्या शर्यतीत पहिल्या पंधरांत आली नाही, तर ती संघाबाहेर जाणार होती. आदल्या दिवशी दक्षिणेचा गरम वारा सुटला. बर्फ पाणावला आणि गिएरी धापा टाकत खाणावळीत शिरला.

“प्लात्सी, ही स्की आहे की कोटाची खुंटी?”

“अरे, येईल त्याला कौतुकाने दाखवतो मी!”

“कौतुक पुरे. इस्त्री आण.”

दुपारभर तो इस्त्रीने मेण वितळवून मला पाजत राहिला. तळवा पुन्हा काळाभोर झाला.

सकाळी ऊर्सिनाने मला पायांत चढवलं. “ही म्हातारी? नक्की?”

“तू तरी कुठे कोवळी आहेस?” गिएरी म्हणाला. “जमेल दोघींचं.”

शर्यतीच्या सुरुवातीचं फाटक उघडलं! पहिल्या वळणांवर ती गुडघा जपत राहिली, वेळ हातचा जाऊ लागला. मग उंचवटा आला. आम्ही हवेत झेपावलो. खाली टेकताना सगळा भार त्याच गुडघ्यावर आला आणि गुडघा टिकला! पुढची सपाटी पाण्याने चमकत होती. तिथे इतरांच्या स्की चिकटत होत्या. ऊर्सिना अंग चोरून वाकली आणि मी सुसाट निघाले.

“नववी!” प्लात्सी शेवटच्या रेषेजवळच्या कुंपणावर चढून ओरडला. “पोरी, नववी आलीस!”

ऊर्सिनाने पायांतून सोडवताच गिएरीने मला उचलून बाजूला नेलं. ती रडत त्याच्याकडे धावली. तो मला उलटं ठेवून फडक्याने पुसत होता.

“अरे, आधी मिठी तरी मार!”

“थांब. ही ओली आहे अजून.”

मित्रांनो, कौतुक मी खूप पाहिलं आहे. पण तुमच्या कामाच्या वस्तूवर खरंच जीव असेल, तर घरी आल्यावर आधी तिला पुसा.