दोन भावांमधलं टेबल

खर्र… खर्र… थोडं थांबून पुन्हा खर्र. मोठी कात्री जाड कापडातून चालली की असा आवाज होतो. मला पहिली जाग आली ती या आवाजाने. त्याआधी मी झाड होतो म्हणतात. मला काही ते आठवत नाही.

मी शिंप्याचं टेबल बोलतोय. कापड पसरायचं, खडूने खुणा करायच्या आणि कापायचं, त्यासाठीचं लांबलचक टेबल. सुताराने मला दुकानातच जोडलं, कारण एवढं धूड दारातून आत आलंच नसतं. शिंपी शेजारीच कापड कापत होता. सुतार म्हणाला, "एवढं लांब कशाला हो? यावर काय पाहुणे झोपवणार आहात?"

शिंपी हसला. "दोन मुलं आहेत. एक या टोकाला कापेल, एक त्या टोकाला. कोपराला कोपर लागायला नको."

कोपरं कधी लागली नाहीत. पण शिंपी गेल्यावर भावाभावांत बिनसलं. कशावरून, ते मला नीट सांगता येणार नाही. एका कोटाची बाही होती. एक म्हणाला आखूड झाली, दुसरा म्हणाला गिऱ्हाइकाचाच हात लांब. राईचा पर्वत झाला आणि दुकानाचे दोन भाग करायचं ठरलं. मला मधोमध कापायला माणूस बोलावला, तर त्यांची आई माझ्यावर येऊन बसली. "आधी मला काप," म्हणाली. तो माणूस आल्या पावली परत गेला.

मग छतापासून माझ्या पाठीपर्यंत फळ्यांची भिंत घातली. माझं डोकं थोरल्याकडे, पाय धाकट्याकडे. माझ्या पोटाखाली भिंत घालायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. तिथे नुसता एक पडदा टांगला.

दोघांनी बोलणं टाकलं. पण इस्त्री एकच, बटणांचा डबा एकच, बोलल्यावाचून भागेना. मग थोरला माझ्यावर टिचकी मारून म्हणायचा, "टेबलराव, इस्त्री रिकामी झाली असली तर इकडे पाठवायला सांगा."

पलीकडून धाकटा म्हणायचा, "टेबलराव, सांगा, पाठवतोय. तापलेली आहे, बोटं सांभाळा म्हणावं."

भांडलेल्या माणसाला कोणी बोटं सांभाळायला सांगतं का? मला हे कधी उलगडलं नाही. मी तर कोणाला काहीच सांगत नव्हतो. तरी निरोप पोचायचे.

आई दोन्हीकडची. थोरल्याची बायको फार पूर्वी वारली होती, म्हणून सकाळचा चहा ती त्याच्यासोबत घ्यायची. जेवायला धाकट्या सुनेकडे.

अशात गावात लढाईचं बोलणं सुरू झालं. कोणाची, कोणाशी, कशासाठी, मला कळलं नाही. बोलणाऱ्यांना कळलं होतं असंही वाटलं नाही. आज म्हणायचे, फौज नदीपलीकडे आली. उद्या म्हणायचे, सगळं मिटलं. मग हुकूम आला की खिडक्यांना काळे पडदे लावा, उजेड बाहेर दिसता कामा नये. गिऱ्हाइकं सकाळी पडदे सांगून जायची, दुपारी नको म्हणायची आणि दिवे लागायच्या आत धावत येऊन पुन्हा हवे म्हणायची. माझ्या दोन्ही टोकांना काळं कापडच काळं कापड.

सगळ्या गल्लीच्या खिडक्या झाकल्या गेल्या. आणि आमच्याच दुकानाच्या उघड्या! पहारेकरी ओरडत आला, "अहो, गावाला पडदे पुरवता आणि स्वतःचं काय?"

थोरला म्हणाला, "टेबलराव, मला वाटलं त्यांनी शिवले."

"टेबलराव, मला वाटलं त्यांनी!"

आई हसता हसता भिंतीला टेकली. "काय सांगू हो तुम्हाला! माझे दोन कुलदीपक, आणि दोघंही उघडेच!"

पण पुढे हसणं सरलं. ज्यांना जाता येईल त्यांनी गाव सोडा, असं सांगत गाडी फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रक निघणार होता. धाकट्याला जाणं भाग होतं, बायकोचे दिवस भरत आले होते. थोरला जाणार नव्हता. दवाखाना गावातच राहणार होता, आणि तिथल्या चादरी शिवून द्यायचा शब्द त्याने दिला होता.

राहता राहिली आई.

चहा पिता पिता थोरल्याने विचारलं, "आई, तू थांबशील ना माझ्याजवळ?"

"हो रे," ती म्हणाली.

दुपारी धाकट्याने विचारलं, "आई, येशील ना आमच्याबरोबर?"

"हो रे."

मी गोंधळून गेलो. एक बाई दोन ठिकाणी कशी असेल? तिने दोघांनाही हो म्हटलंय, हे तिच्याखेरीज फक्त मला ठाऊक होतं. एवढी वर्षं खोटेखोटे निरोप नेले. आज खरा निरोप होता, तर मला तोंड नाही.

संध्याकाळी भोंगा झाला. जमीन हादरायला लागली तर मजबूत टेबलाखाली बसा, असं सगळ्यांना सांगितलेलं होतं. दोन्हीकडून माणसं माझ्या पोटाखाली शिरली. सुनेला पाय पसरायला जागा पुरेना, म्हणून आईने मधला पडदा ओढून काढला. भीतीने सून बडबडत सुटली, "आईंची शाल सामानात वरच ठेवलीय मी. उद्या ट्रकवर वारा लागेल."

"कोणता ट्रक?" थोरला म्हणाला. "आई इथे थांबतेय. मला हो म्हणालीय."

"तुला? अरे, मला हो म्हणालीय!"

टेबलरावांची आठवण कोणालाच झाली नाही. दोघं नाकासमोर नाक आणून एकमेकांकडे बघत होते.

"म्हटलं दोघांनाही," आई म्हणाली. "वाटलं, आतातरी एकमेकांना विचाराल."

"आणि नसतं विचारलं तर?" थोरला म्हणाला.

"तर बसले असते वाट बघत. मला काय, सवय आहे."

भोंगा थांबला, पण कोणी बाहेर निघेना.

"दादा, तूही चल," धाकटा म्हणाला.

"शब्द दिलाय रे मी."

"मग मीही थांबतो."

"डोकं ठिकाणावर आहे का? हिच्याकडे बघ जरा." थोरला खाकरला. "आईला घेऊन जा. बाळंतपणात घरचं माणूस हवं. मी येतोच मागून, चादरी संपल्या की."

आता दुकानाचा धाकट्याकडचा भाग रिकामा आहे. भिंत थोरल्याने उतरवली आणि फळ्या खिडक्यांवर ठोकल्या. तो दिवसभर माझ्यावर पांढरं कापड कापतो. माझ्या चिरांमध्ये अजून काळी कातरण अडकलेली आहे, तिच्यावर आता पांढरी बसते. लढाई आली की टळली, मला अजून सांगता येत नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं कोणी असेल, तर कृपा करून त्याच्या हाती निरोप देऊ नका. आम्ही काही सांगत नाही हो.

एक गोष्ट मात्र माझ्या लाकडी डोक्यात शिरत नाही. तुम्हाला कळली तर बघा.

ट्रकच्या सकाळी आई थोरल्याच्या बाजूला आली. माझ्यावर पांढऱ्या कापडाचे तागे छताला भिडले होते, आणि दाराशी आणखी उतरत होते. ती ताग्यांकडे वर वर बघत राहिली.

"आलोच मी आई, एवढं संपलं की," थोरला म्हणाला.

ती त्याच्याकडे वळली. त्याच्या गळ्यातली टेप एका बाजूला सरकली होती, ती तिने सारखी केली. कोणी काही म्हटलं की लगेच उत्तर देणारी बाई ती. तिला खरं वाटलं होतं का? राग आला होता का? मी वाट पाहिली, आता बोलेल, मग बोलेल.

तिने शाल आवळून घेतली आणि ट्रककडे चालत गेली.