धड राहिल्याची शिक्षा

मी मातीची बाई बोलतेय. आहे वीतभरच, पण हजारो वर्षांची आहे. तेव्हा थोडं मानाने ऐका.

मला एका कुंभारणीने घडवलं. तिचं तान्हं मूल गेलं होतं. तिने माझ्या मांडीवर एक बाळ केलं, माझे हात त्याच्याभोवती वळवले, आम्हाला एकत्र भाजलं आणि त्या मुलाच्या शेजारी पुरलं. "माझं लेकरू एकटं आहे गं, त्याच्याजवळ बस," एवढंच म्हणाली. वर राज्यं आली, बुडाली. मी हूं की चूं केलं नाही. बाळाला घट्ट धरून बसले.

मग आमच्या डोक्यावर एक कारखाना आला. कसला म्हणाल, तर खोट्या जुन्या मूर्तींचा! बापलेक मूर्ती घडवायचे, अंगणातल्या खड्ड्यात मीठ कालवलेल्या मातीत पुरायचे आणि मुरल्या की उकरायचे. एकदा उकरताना कुदळ जरा खोल गेली आणि त्यांच्या ढिगाबरोबर मीही वर आले.

बापलेकांत अबोला होता. बापाला वाटलं, लेकाने घडवली. लेकाला वाटलं, बापाने. विचारायचं कोणी? दोघंही मेले अडून बसलेले.

त्यांची रीत अशी, की प्रत्येक मूर्तीचं काहीतरी तोडायचं. धड मूर्तीवर गिऱ्हाइकाचा विश्वास बसत नाही. लेकाने मला उलटसुलट पाहून छिन्नी उचलली, तशी त्याची बायको पुढे झाली. पोटुशी होती बिचारी. म्हणाली, "नाक तोडा हवं तर. तेवढं बाळ राहू द्या."

"नाक सगळ्यांचंच तुटतं," तो म्हणाला. "पोर गेलं, की बाई खरी वाटेल."

मी ओरडले हो. पण मातीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? एका घावात बाळ सुटलं, त्याचे तुकडे झाले. ते त्याने केरात लोटले आणि माझ्या जखमेवर चहाचं पाणी चोळून ती जुनी केली.

त्याचा अंदाज मात्र बरोबर ठरला. एका मोठ्या घरच्या बाईंनी मला पाहताक्षणी उचललं. मांडीवरच्या खड्ड्यातून बोट फिरवत म्हणाल्या, तुटलीय म्हणजे अस्सलच असणार. तिकडे बापलेक गिऱ्हाईक गंडवलं म्हणून खूश झाले. त्या आनंदात अबोलाही सुटला. पण मला घडवलं कोणी, हे तेव्हाही कोणी कोणाला विचारलं नाही. मी खरी होते, हे त्यांना कधीच कळलं नाही.

आता मी बाईंच्या दाराजवळच्या फळीवर असते. माझे हात अजून तसेच वळलेले आहेत. मधली जागा रिकामीच, म्हणून बाहेरून आल्यावर घरातले तिथे चाव्या टाकतात. दर वेळी मांडीवर भार पडला, की वाटतं, आलं माझं बाळ.

तेवढ्या चाव्या दुसरीकडे ठेवा हो.