मागच्या गॅलरीतली चूल

कळंब्याच्या रस्त्याला सिद्धरामअण्णा हत्तरकींची इमारत २००२ च्या दिवाळीत उभी राहिली आणि संक्रांत तोंडावर आली तरी तिच्यात भाडेकरू म्हणून फक्त पारवे राहायला आले होते. तळमजल्यावर अण्णा आणि गौराबाई राहत. वरच्या दोन मजल्यांवर सहा फ्लॅट रिकामे होते.

अण्णांची उभी हयात गूळ बाजारात अडत करण्यात गेली. इमारत कशी बांधावी याचं ज्ञान त्यांना बेंगलोरहून फोनवर मिळालं. मुलगा संगमेश तिथं संगणकाच्या कंपनीत होता आणि भाडेकरूला काय आवडतं हे त्यानं इंटरनेटवर वाचलं होतं. भिंतीतली कपाटं, सरकत्या काचांच्या खिडक्या, ग्रॅनाइटचा ओटा, हॉलच्या छताला पीओपीची नक्षी, दाराशी इंटरकॉम. अण्णांनी सगळं केलं. इंटरकॉमचं बटण कुणी दाबलं की तळमजल्यावर गौराबाई दचकत, एवढाच त्याचा उपयोग झाला.

स्वतःच्या बुद्धीनं अण्णांनी एकच गोष्ट घातली. प्रत्येक फ्लॅटमध्ये पूर्वेच्या भिंतीत काळ्या दगडाचा देव्हारा, आत महादेवाची पिंड बसेल असा कोनाडा. गौराबाईंनीही एकच घातली. मागच्या गॅलरीत विटांची, बाजूला वैलाचं दुसरं तोंड असलेली चूल, वर धुराडं, शेजारी नळ आणि मोरी.

"अव्वा, फ्लॅटात चूल? लोक हसतील," संगमेश फोनवर म्हणाला.

"गॅसवरची भाकरी कागदासारखी लागते. हसणाऱ्यानं ती खावी," गौराबाई म्हणाल्या आणि फोन अण्णांच्या हातात दिला.

दिवाळीला संगमेश आला तेव्हा त्यानं सहाही चुली प्लायवूडनं झाकल्या आणि वर कुंड्या ठेवल्या. येताना दोन मोठ्या नव्या बॅगाही आणल्या होत्या. गुढीपाडव्यापर्यंत फ्लॅट भरले नाहीत तर इमारत एका बिल्डरला देऊन टाकायची आणि दोघांनी बेंगलोरला राहायला यायचं, असं त्यानं ठरवलं. अण्णा "बघू" म्हणाले. तो त्याला होकार वाटला.

अण्णा एकदा बेंगलोरला राहून आले होते. अकराव्या मजल्यावरून खाली माणसं दिसत, पण हाक मारावी इतकं जवळ कुणी नव्हतं. त्या मुक्कामात त्यांना नावानं हाक एकदाच ऐकू आली, तीही दवाखान्यात नंबर लागल्यावर. परत आल्यावर अण्णा स्टँडवरून घरापर्यंत चालत आले. वाटेत ओळखीचे जेवढे भेटले तेवढ्यांनी थांबवलं. दुपारचं जेवण त्यांनी संध्याकाळी केलं आणि तक्रार केली नाही.

गिऱ्हाईक आणायचं काम बाळासो एजंटाकडं होतं. तो माणसं आणी, छताची नक्षी दाखवी, माणसं वर बघत आणि वर बघतच निघून जात.

"नक्षी तर झ्याक हाय म्हणत्यात की," अण्णा म्हणाले.

"म्हणत्यात. पण नक्षीखाली राहायला कुणी तयार न्हाय, मालक."

भोगीच्या दिवशी तळमजल्याच्या धुराड्यात पारव्यांनी घरटं केल्याचं उघड झालं. घरभर धूर झाला. गौराबाईंनी बाजरीचं पीठ उचललं, पहिल्या मजल्यावर गेल्या, कुंडी खाली ठेवली, प्लायवूड काढलं आणि तिथली चूल पेटवली. त्याच वेळी बाळासो मुरगूडच्या इंगवले मायलेकांना घेऊन आला. अमरसिंह इंगवले कारखान्यात टर्नर होता. त्यानं इंटरकॉमचं बटण दोनदा दाबून पाहिलं. त्याची आई बायडाबाई हॉलमध्ये थांबलीच नाही. धुराच्या वासानं ती सरळ मागच्या गॅलरीत गेली.

"ही चूल समद्या ब्लॉकांत हाय?"

"हाय की," गौराबाई म्हणाल्या.

"आन् मोरी बी येगळी?"

"येगळीच. इथलं काय आत न्यायला नको, आतलं काय हितं आणायला नको."

बायडाबाईनं आत देव्हाऱ्याकडं पाहिलं, मग चुलीकडं, मग मधल्या दारांकडं. "लई इचार केलाय बगा," ती म्हणाली.

"करायलाच पायजे की," गौराबाई म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

अण्णांची सौदा करायची रीत गूळ बाजारातली होती. तिथं रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरे. तोंडानं बोलणं हलकेपणाचं समजलं जाई. कोण काय खातो हे तोंडावर विचारणं तर अण्णांना अंगावर चिखल उडवण्यासारखं वाटे. ते माणसाला देव्हाऱ्यासमोर उभं करत आणि थांबत. त्यानं हात जोडले की शाकाहाराचा विषय मिटला असं समजत. बायडाबाईनं हात जोडले, वर दगडाला डोकंही टेकलं. मग तिनं अण्णांना चुलीसमोर नेलं आणि ती थांबली. अण्णांनी मान डोलावली. तिच्याही लेखी विषय मिटला.

पुढचे पाच फ्लॅट शिवरात्रीच्या आत गेले. बाळासो आता लोकांना मागच्या जिन्यानं थेट गॅलरीत नेई. छत कुणी पाहिलंच नाही. शिवरात्रीला सहाही घरांनी उपास धरला आणि बायका अण्णांच्या पिंडीला बेल घेऊन आल्या. अण्णांनी बेंगलोरला फोन लावला.

"भाडेकरूला काय लागतं म्हणशील तर चूल लागती."

"कशाला?"

"भाकरीला. तुझ्या इंटरनेटवर घाल."

संगमेशचा विश्वास बसला नाही. होळीला तो स्वतः आला. दुसऱ्या दिवशी धुळवड होती. सकाळी बापलेक दारात खुर्च्या टाकून बसले असताना सहाही धुराडी एकदम सुरू झाली. एरवी एखाददुसरंच पेटे आणि धूर वरच्या वर जाई. अण्णांनी मुलाकडं पाहिलं. मग कांदा-खोबरं भाजल्याचा वास आला.

"अव्वाच्या येसराच्या आमटीसारखा वास येतोय," संगमेश म्हणाला.

थोड्या वेळानं वास बदलला. अण्णांनी बाजारात वाढलेल्या माणसाच्या अनुभवानं तो नवा वास ओळखला आणि खुर्चीचा हात घट्ट धरला. तेवढ्यात बाळासो स्टीलचा डबा घेऊन फाटकातून आत शिरला.

"बाळासो, वर काय शिजतंय?"

"धुळवड हाय न्हवं, मालक."

"ते कळलं. शिजतंय काय?"

"आता तुमच्याम्होरं नाव कसं घेऊ?"

"आणि तू त्यांना सांगितलं न्हाईस? आमच्यात चालत न्हाय म्हणून?"

"तुम्ही तरी कुठं सांगितलासा? निस्ता द्येव दाखवला. द्येव त्यांच्यात बी हाय की. चुलीवरचं आत आणायचं न्हाय, ही त्यांची बी रीतच हाय." बाळासोनं डबा मागं लपवला. "येगळी चूल, येगळी मोरी, वर धुराडं. गावभर नाव झालंय तुमचं. लिंगायत माणूस असून किती ध्यानात घेतलं म्हणत्यात."

संगमेश बापाकडं वळला. "आत्ताच सांगा, अप्पा. उद्यापासून बंद. जायचे ते जातील."

जायचे ते सगळेच जातील हे अण्णांना कळत होतं. पाडवा जवळ होता आणि बॅगा पलंगाखाली होत्या. पण सवाल भाडेकरूंचा नव्हताच, गौराबाईंचा होता. माहेरी हातकणंगल्याला शेजारच्या घरातून असा वास आला म्हणून त्या भरल्या ताटावरून उठल्या होत्या, ही गोष्ट सासरीही सगळ्यांना पाठ होती. त्यांनी इथं नको म्हटलं तर अण्णा या घरात एक दिवसही राहणार नव्हते.

गौराबाई बाहेर आल्या. पदर नाकाला होता. त्या जिना चढू लागल्या. अण्णा मागं गेले.

बायडाबाईचं दार उघडंच होतं. देव्हाऱ्यात समई तेवत होती, पिंडीवर ताजी फुलं होती. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा कोरडा, गॅस बंद. गौराबाई मागच्या गॅलरीच्या उंबऱ्याशी थांबल्या. चुलीवर झाकलेलं पातेलं होतं आणि वैलावरच्या तव्यावर सून मोना भाकरी भाजत होती. बायडाबाईनं पातेल्यावरचं झाकण उगाच दाबलं.

मोनाची भाकरी काठाला चिरली होती.

"पीठ गार पाण्यात मळलंस व्हय गं?" गौराबाई म्हणाल्या.

"व्हय, काकू."

"आदण घे. उकळतं."

"मी सांगून दमले बगा," बायडाबाई म्हणाली. "पुस्तकं वाचून सैपाक करती."

"मागच्या बुधवारी फुगल्याली की," मोना म्हणाली.

"एक फुगली. तिचं काय, दृष्ट काढायची व्हय?"

गौराबाई पदर नाकाला धरून उंबऱ्याच्या अलीकडं उभ्या राहिल्या. नवं पीठ मळलं गेलं, नवी भाकरी तव्यावर पडली, विस्तवाला लागली आणि टम्म फुगली. तेवढ्या वेळात त्यांनी पातेल्याकडं एकदाही पाहिलं नाही. मग त्या वळल्या आणि खाली आल्या.

"काय होतं वर, अव्वा?" संगमेशनं विचारलं.

"भाकऱ्या करत्यात."

"आणि?"

"मी भाकरी बघायला गेलते."

त्या अण्णांशेजारच्या खुर्चीवर बसल्या. अण्णांच्या खांद्यावरचा रुमाल ओढून त्यांनी आपल्या हातावर टाकला आणि हात पुढं केला. एवढ्या संसारात असं कधी झालं नव्हतं. अण्णांनी रुमालाखाली हात घातला. गौराबाईंनी त्यांची दोन बोटं दाबली.

"दोन काय?" अण्णांनी हळूच विचारलं.

"हात. धुराडी दोन हात उंच करायची. उद्या गवंड्याला बोलवा."

अण्णांनी गौराबाईंची दोन बोटं परत दाबली.

गवंडी पाडव्याच्या आधी काम करून गेला. बिल्डर एकदा येऊन गेला, इमारतीसाठी नव्हे. त्यानं गॅलरीतल्या चुलीची मापं घेतली. अण्णांनी त्याला आधी देव्हारा दाखवला. त्यानं हात जोडले. अण्णांनी काही विचारलं नाही.

संगमेश एकटाच परत गेला. बॅगा त्यानं इथंच ठेवल्या. पुढंमागं लागतील म्हणाला. लागल्याही. पावसाळ्यात जळणाच्या शेण्या कोरड्या राहाव्यात म्हणून गौराबाईंनी त्या शेण्यांनी भरल्या आणि दोन्हीला कुलपं लावली, कारण वरच्या सहाही चुलींना शेण्या कमी पडू लागल्या होत्या.