सोबतीला कोणी नको

घरात चाळिशी उलटली तरी ती बेबीच होती. लहानपणी तापात डोळे गेले, पण शिकली आणि हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर चिकटली. आईवडिलांमागे थोरल्या भावाने, दादाने, तिला कशाची उणीव भासू दिली नाही. वहिनीनेही कधी तोंड वाकडं केलं नाही. म्हणून तर ती गोष्ट बेबीला कुणापाशी बोलता येईना.

झालं होतं असं, की गेल्या निवडणुकीत हॉस्पिटलमधलीच एक नर्स उभी होती. बेबीला तिलाच मत द्यायचं होतं. आंधळ्या माणसाला सोबत नेता येते, त्याप्रमाणे दादा पडद्याआड आला. बेबीने त्याच्या कानात नर्सचं नाव सांगितलं, मशीन वाजलं, दोघं घरी आली. संध्याकाळी दादा बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होता. नर्सच्या विरोधात उभा असलेला कंत्राटदार म्हणजे दादाचा मालकच, आणि फोन त्यालाच होता. "साहेब, घरातली सगळी मतं तुम्हालाच. बहिणीचं तर मीच दाबलं," दादा म्हणाला आणि हसला.

बेबी मूग गिळून बसली. ज्याच्या हाताला धरून चालायचं, त्याला जाब कसा विचारायचा?

या खेपेला पुन्हा तीच दोघं, नर्स आणि कंत्राटदार, उभी होती. रांगेत ती गप्पच होती. आत केंद्रावरच्या साहेबांनी सोबत्याची सही मागितली, दादाने पेन हातात घेतलं, तेव्हा ती म्हणाली, "सोबतीला कोणी नको. माझं मत मीच देणार."

दादा ओशाळं हसला. तिला जमायचं नाही, दर वेळी आपणच देतो, असं त्याने साहेबांना सांगितलं. साहेबांनाही ते पटलं. बेबीने उमेदवारांची ब्रेलमधली यादी मागितली. ती यादी या केंद्रावर आलीच नव्हती. मागची माणसं चुळबुळ करू लागली. साहेब वाईट नव्हते, नुसते घाईला आलेले होते. आवाज खाली आणून ते म्हणाले, "ताई, सख्खा भाऊ आहे. परका थोडाच आहे?"

"तो बाहेर थांबेल," बेबी म्हणाली.

शेवटी साहेबांनी उमेदवारांची नावं क्रमाने वाचून दाखवली, तिला पुठ्ठ्याच्या आडोशामागे नेलं, सगळ्यात वरच्या बटणावर तिचं बोट टेकवलं आणि ते मागे सरले. ती बोटाने मोजत खाली आली. मध्येच बोट घसरलं. पुन्हा वरून सुरुवात केली. इथेच मुक्काम करणार का, असं रांगेतलं कुणीतरी पुटपुटलं आणि दोघंतिघं हसली. तिने मोजायची घाई केली. तिने बटण दाबलं. मशीन वाजलं, पण त्या आवाजावरून काय कळणार? नर्सचं होतं, की त्याच्या खालचं? तिला खात्री नव्हती. चुकलं असेल तर निदान आपल्याच हातून चुकलं, असं तिने मनाला बजावलं.

निकाल लागला. कंत्राटदार भरघोस मतांनी निवडून आला. तोवर दादा तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. त्या संध्याकाळी मात्र तो समोर येऊन बसला.

"आले ना निवडून? मग त्या एका मतासाठी चारचौघांत माझी अब्रू का घालवलीस?"

फोनवरचं बोलणं ऐकल्याचं बेबीने त्याला सांगितलं. शब्दाला शब्द. दादा घसा खाकरून म्हणाला, "नोकरी गेली असती तर हे घर कसं चाललं असतं? मी काय माझ्या एकट्यासाठी केलं?"

ते खोटं नव्हतं, म्हणूनच तिला जास्त लागलं.

"मला विचारायचं होतंस, दादा," ती म्हणाली. "तुझ्यासाठी मी दिलंही असतं त्यांना. पण मी दिलं असतं."

स्वयंपाकघरात सगळं ऐकत असलेल्या वहिनीने नळ सोडला, आणि कितीतरी वेळ तो तसाच वाहत राहिला.