म्हणजे कुठले जाधव?

सुगंधा परब कुडाळहून मुंबईला आल्या त्या लेकीला संसार मांडून द्यायला. लग्नाचा नव्हे हो, शिक्षणाचा. श्रुतिकाच्या कॉलेजच्या हॉस्टेलचा नियमच असा होता, की पहिली दोन वर्षं मुलींना सांभाळायचं आणि तिसऱ्या वर्षी 'आता तुमचं तुम्ही बघा' म्हणून मोकळं व्हायचं. श्रुतिका आणि तिची मैत्रीण दर्शना जाधव दोन वर्षं एका खोलीत राहिलेल्या, एका बादलीत कपडे भिजवलेल्या. पुढेही एकत्रच राहायचं हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. श्रुतिका स्वभावाने भिडस्त, वर्गात हजेरी द्यायलाही लाजणारी. दर्शनाने तिला धरून धरून राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना नेलं, वस्तीतल्या मुलांच्या शिकवणीला उभं केलं, चार माणसांत बोलायला लावलं. याचं सुगंधाबाईंना फार कौतुक. 'माझ्या पोरीला हिने माणसांत आणलं,' असं त्या कुडाळला साऱ्या आळीत सांगत. दर्शनाची आई द्रौपदी वाशीमला एसटीत कंडक्टर. तिला रजा मिळेना, म्हणून दोघींची आई होऊन सुगंधाबाई एकट्याच आल्या.

खोली शोधायला निघाल्यावर त्यांना पहिला झटका बसला बोरिवलीत. एजंट फोनवर साखरेहून गोड. "दोन मुली, स्टुडंट, एकदम झकास पार्टी." मग त्याने नावं विचारली. "परब, बरं. आणि जाधव म्हणजे? म्हणजे कुठले जाधव?"

"वाशीमचे," दर्शना म्हणाली.

तासाभराने त्याचा फोन आला, की मालकाचे पाहुणे गावाहून यायचेत. दुसऱ्या घरच्या मालकीणबाईंनी आधी गाव विचारलं, मग वडिलांचं नाव, मग आजोबांचं. त्यानंतर त्यांना एकाएकी आठवलं, की घराला रंग द्यायचा आहे. सुगंधाबाई भोळ्या नव्हत्या. जिना उतरताना त्यांनी दर्शनाकडे पाहिलं. पोरीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवलही नव्हतं. तिला सवय झालेली दिसत होती.

तिसरं घर मालाडला, वसुधाबाईंचं. बँकेतून निवृत्त झालेल्या, नीटनेटक्या, बोलायला मधाळ. स्वतः एका फ्लॅटमध्ये राहत आणि समोरचा भाड्याने देत. हॉलमध्ये माशांची पेटी होती आणि तिच्याशेजारी ध्यानस्थ बुद्धाची गुडघाभर उंचीची सुरेख मूर्ती, डोक्यावर छोटा पिवळा दिवा. "किती शांत वाटतं ना बघून?" त्या म्हणाल्या. "मला मावशी म्हणा गं दोघी. मी काही ते जुनं मानत नाही. फक्त घर आपलं असतं ना, म्हणून माणसं बघून घ्यावी लागतात. जाधव म्हणजे?"

दर्शनाने तोंड उघडलं. तेवढ्यात सुगंधाबाई बोलून गेल्या.

"आमच्यातलेच. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी ती. माझी भाची."

इतकं सहज, की जणू वर्षानुवर्षं पाठ केलेलं. वसुधाबाई हसल्या आणि चहा टाकायला उठल्या. श्रुतिका आ वासून आईकडे बघत राहिली. दर्शनाने उघडलेलं तोंड मिटलं.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "काकू, असं का सांगितलंत?"

"बाळा, परवा हॉस्टेल सोडायचंय. डोक्यावर छप्पर नको? एकदा ओळख झाली की आपण सांगूच. चांगली बाई आहे ती."

आणि खरं सांगते, त्या दिवशी सुगंधाबाईंना स्वतःबद्दल अभिमान वाटला. परक्या पोरीला आपलं नातं दिलं, हे काय थोडं झालं? आपल्यातल्या किती भल्या माणसांना असं वाटत असेल, देव जाणे.

सामान आलं. घडी बसेपर्यंत सुगंधाबाई मुलींकडेच राहणार होत्या. गाद्या वर चढवल्या, मांडणीवर कागद घातले, कुडाळहून आणलेली आमसुलं आणि कुळथाचं पीठ डब्यांत भरलं. मुली कुकर लावायला शिकल्या आणि पहिल्याच दिवशी डाळ करपवून खदखदा हसल्या. दर्शनाने तिच्या कोपऱ्यातल्या फळीवर दोन वस्तू मांडल्या. एक पितळेची इवलीशी बुद्धमूर्ती आणि एक बाबासाहेबांचा फोटो, वडिलांनी बारावी झाल्यावर फ्रेम करून दिलेला. वडील आता नव्हते.

सुगंधाबाई हातातलं फडकं विसरून त्या फळीकडे बघत उभ्या राहिल्या.

"दर्शना, मूर्ती राहू दे हो. ती काय, शोभेला कुणीही ठेवतं. तो फोटो तेवढा... तात्पुरता कपाटात ठेवू या का? चादरीखाली काच फुटायची नाही."

दर्शनाने फोटो उचलून स्वतःच कपाटात ठेवला. 

एका खोट्याला दहा खोट्यांचा टेकू लागतो. आठवड्याभरात त्या घराचं पोलीस ठाणं झालं. वसुधाबाई वाटीभर खीर घेऊन यायच्या आणि वाटी परत न्यायला थांबायच्या. "गौरीला घरी जाणार ना गं? तुमच्याकडे खड्याच्या की उभ्याच्या?" त्यांनी दर्शनाला विचारलं. श्रुतिका घाईने म्हणाली, "खड्याच्या." दुसऱ्या दिवशी, "तुमचा गावदेव कोणता?" मग, "बोली मात्र हिची कोकणातली नाही वाटत हो." सुगंधाबाईंनी भावाची बदली वाशीमला करून टाकली. त्यांचा खरा भाऊ सावंतवाडीत दुकान चालवतो आणि त्याला दोन मुलगे.

वसुधाबाईंचा संशय दाराच्या फटीतून आत यायचा आणि सुगंधाबाईंचा आतून उठायचा. दर्शना फोनवर जरा मोठ्याने बोलली, की त्या खिडकी लावायच्या. तिने निळी ओढणी घेतली, की त्यांना वाटायचं, आजच का हिला निळी सुचली? वस्तीतल्या शिकवणीच्या मैत्रिणी घरी येणार म्हणाल्या, तेव्हा सुगंधाबाईंनी विचारलं, "कोण कोण येणारे? त्यांची नावं काय?" प्रश्न तोंडातून गेला आणि त्यांना आपलाच आवाज बोरिवलीच्या एजंटसारखा ऐकू आला. त्यांनी चटकन विषय बदलला. पण दर्शनाने मैत्रिणींना नको म्हणून कळवलं. ज्या मुलीने श्रुतिकाला माणसांत आणलं, ती स्वतः हळूहळू माणसांतून उठत चालली होती.

श्रुतिका एके दिवशी भडकलीच. "आये, तू तिका घर दिलंस की डांबून ठेवलंस?"

"तू गप रव गो. तुका काय कळता? खोली गेली तर रस्त्यार ऱ्हवतलास?"

 श्रुतिकालाही खोली हवीच होती, आणि तीच तर मेख होती.

मग द्रौपदीचा फोन आला. रविवारी सुट्टी मिळाली होती, लेकीची खोली बघायला यायचं म्हणत होती.  सुगंधाबाईंनी दर्शनाला खुणेनेच सांगितलं, बाहेर भेट म्हणून. दर्शनाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, "आई, आपण बाहेरच भेटू. बागेत वगैरे."

"काहून व?" पलीकडून खणखणीत आवाज आला. साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलायची सवय ती. "खोली पायाले येऊन राहिली मी, बाग पायाले नाही. काय लपवून राहिली तू? कोण्या पोराले ठेवलं का घरात?"

"नाही गं आई."

"मंग?"

 दर्शनाने फोन ठेवला. आजवर तिने आईपासून काही लपवलं नव्हतं. पहिल्यांदा लपवावं लागलं ते काय, तर स्वतःच्या आईलाच.

द्रौपदी रविवारी सकाळी न कळवता थेट दारात आली. पोरीचं काहीतरी काळंबेरं आहे, या संशयाने तिला रात्रभर गाडीत झोप नव्हती. हातात पिशवी, पिशवीत जवसाची चटणी आणि लेकीसाठी शिवलेले उशीचे अभ्रे. नेमक्या त्याच वेळी वसुधाबाई दूध घ्यायला दार उघडून उभ्या.

"कोण हवंय?"

"दर्शना जाधव. मी तिची आई."

"अगबाई, म्हणजे तुम्ही सुगंधाताईंच्या वहिनी." वसुधाबाईंची नजर पिशवीवरून चपलांवर, चपलांवरून कपाळावर फिरली. "कसे आहेत त्यांचे भाऊ, म्हणजे तुमचे मिस्टर? वाशीमलाच बदली ना अजून?"

द्रौपदीला काही उमगेना. "कोण भाऊ? दर्शनाचे बाबा जाऊन दीड वर्ष झालं, बाई."

आवाज ऐकून तिघी दारात आल्या. सुगंधाबाईंचा चेहरा पांढराफटक. त्या हसायचा प्रयत्न करत म्हणाल्या, "वहिनी, आत या ना, दमून आला असाल." द्रौपदीने त्यांच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. दर्शनाचे डोळे भरलेले. बसमध्ये माणूस कुठल्या थांब्यावर चढला हे थोबाडावरून ओळखणारी बाई ती. तिला हळूहळू उलगडत गेलं.

"दर्शना, ह्या मले वहिनी काहून म्हणून राहिल्या?"

दर्शना आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती फोटो घेऊन बाहेर आली आणि तो छातीशी धरून उभी राहिली.

"मावशी, ही माझी आई. सुगंधाकाकू माझी आत्या नाही, श्रुतिकाची आई आहे. आम्ही बौद्ध आहोत. मी हे पहिल्याच दिवशी सांगणार होते. मी गप्प बसले, ती माझी चूक."

 मग वसुधाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "मला त्याचं काही नाही गं. माझ्या घरात बघ, बुद्ध आहे. पण खोटं बोललात तुम्ही. विश्वासाचा प्रश्न आला. खोटं मला चालत नाही."

"बरोबर हाय," द्रौपदी म्हणाली. "खोटं वाईटच. पण बाई, खरं सांगितलं असतं, तर दिली असती का खोली?"

वसुधाबाईंनी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.  जरा वेळाने त्या श्रुतिकाकडे वळल्या. "तुझं काही नाही बाळ. तू राहा निवांत. दुसरी मुलगी मी बघून देईन. हिला मात्र आठवड्याभरात..."

सुगंधाबाई हे ऐकत होत्या. लेकीची खोली शाबूत होती. कॉलेज जवळ, पाणी चोवीस तास, मालकीण समोर. नुसतं गप्प बसलं की झालं. आणि मी लपवत नाही, त्या थोडा वेळ गप्पच बसल्या. त्यांच्या कानात ते वाक्य फिरत राहिलं, खोटं चालत नाही. पण खोटं कोण बोललं होतं?

"वसुधाताई," त्या म्हणाल्या. "खोटं मी बोलले. या पोरीने एक शब्द खोटा सांगितला नाही. तुम्हाला खोटं चालत नाही, तर मला आणि माझ्या मुलीला बाहेर काढा. हिला कसं काढता? खोटं बोलणारीची मुलगी राहू दे आणि खरं बोलणारी जाऊ दे, हा कुठला विश्वास?"

वसुधाबाईंनी दार लावून घेतलं. आत माशांच्या पेटीचा पंप बुडबुडत होता, तेवढा ऐकू येत राहिला.

श्रुतिका आधीच आत जाऊन डबे पिशवीत भरू लागली होती. सुगंधाबाई द्रौपदीपुढे उभ्या राहिल्या. हात जोडावेत की पाय धरावेत त्यांना कळेना.

"मी चांगलंच करायला गेले हो. तुमच्या लेकीला घर मिळावं म्हणून..."

"ठाव हाय मले," द्रौपदी म्हणाली. "तुमचं मन वाईट नाही. पण तुम्ही तिले घर देता देता तिची माय काढून घेतली, बाई. मी जिती असताना." मग तिने गादीचं एक टोक उचललं. "धरा तिकडून. जिना अरुंद हाय."

सुगंधाबाई रडत रडत गादी धरून उतरल्या. ते रडणं कुणी थांबवलं नाही, आणि थांबवायचं कारणही नव्हतं.

सामान कॉलेजच्या एका मैत्रिणीकडे टाकून त्या चौघी त्याच दुपारी जोगेश्वरीला गेल्या. गुंफेच्या बाजूच्या गल्लीत काशीराम नावाच्या एका वयस्क गृहस्थांची वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होती. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. मुलींचा अभ्यास विचारला. शिकवणीचं ऐकून खूश झाले. श्रुतिकाचं नाव लिहून घेतलं. मग चष्मा सारखा करत म्हणाले, "आणि जाधव म्हणजे?"

सुगंधाबाईंच्या ओठांवर सवयीने काहीतरी आलं. त्यांनी ते गिळलं आणि दर्शनाकडे पाहिलं. बोलायचं तिने होतं.

"वाशीमचे जाधव," दर्शना म्हणाली. "बौद्ध आहोत. ही माझी आई, एसटीत कंडक्टर आहे. या माझ्या मैत्रिणीची आई. आणि माझ्याकडे एक फोटो आहे, तो भिंतीवर लागेल. चालणार असेल तर सांगा."

काशीराम काय म्हणाले ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं असतं तर तुम्ही त्यांना शाबासकी दिली असती किंवा शिव्या घातल्या असत्या, आणि पेपरची पुरवणी मिटून जेवायला बसला असतात. त्यापेक्षा त्या चौघींना तिथेच बसू दे, पाण्याचे पेले हातात घेऊन. तुमचीही एखादी खोली रिकामी असेल, नाहीतर शेजारच्याने तुमचा सल्ला विचारला असेल. पोरीने खरं ते सांगितलंय. आता बोलायची पाळी तुमची आहे.