उखळी तोफेचा गोळा

नवऱ्याला नावानं हाक मारायची आमच्याकडे पद्धत नाही. छत्तीस वर्षं मी 'अहो'वरच भागवलं. पण लिहिताना 'अहो' चालत नाही, म्हणून इथं नरहरराव म्हणते.

नरहरराव सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. चौतीस वर्षं त्यांनी फायलींना दोरे बांधले. घरात पाल दिसली की अजूनही दोन्ही पाय खुर्चीवर घेतात आणि मला हाक मारतात. असा माणूस निवृत्त झाला आणि त्याला लढाईचा छंद लागला. म्हणजे लढायचा नव्हे, लढाईत वापरलेल्या वस्तू जमवायचा.

आमचा अभिषेक पुण्याला गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती. तिथं आधी दोन तलवारी आल्या. मग संगिनी, ठासणीची एक बंदूक, तोफांच्या पितळी रिकाम्या पुंगळ्या, दुर्बीण, पाण्याच्या बाटल्या. मोबाइलवर अशा शौकिनांचा एक ग्रुप आहे, तिथं ही मंडळी एकमेकांना फोटो पाठवतात आणि वाहवा करतात. पाहुणा आला की नरहरराव त्याला चहाच्या आधी त्या खोलीत नेतात. संगिनीच्या पात्यावरची खाच दाखवतात, ती पोटात गेल्यावर काय होतं ते हातवारे करून सांगतात. पाहुणा 'बापरे' म्हणतो आणि मग बाहेर येऊन पोहे खातो. मी पोहे वाढताना नरहररावांच्या त्या हातांकडे बघत असते.

मला त्या खोलीची किळस येते, हे मी त्यांना हजारदा सांगितलंय. एकदा एक लोखंडी टोप आला, दुसऱ्या महायुद्धातला म्हणे. आतल्या चामड्याला घामाचे काळे डाग होते आणि शिवणीत एक केस अडकलेला होता. तपकिरी, बोटभर लांब. मी तो चिमट्यानं काढायला गेले तर नरहरराव माझ्यावर ओरडले. तो केस अस्सलपणाचा पुरावा होता. कुण्या आईच्या लेकाचा तो केस आमच्याकडे पुरावा म्हणून काचेच्या कपाटात बसला. त्या दिवशी मला रात्रीचं जेवण गेलं नाही, त्यांनी मात्र दोनदा भात घेतला.

पितळी पुंगळ्या घासायचं कामही आधी माझ्याकडेच होतं. चिंचेचा कोळ लावून देवाची भांडी घासायची आणि त्याच मोरीत त्याच कोळानं या. हाताला जो वास राहायचा, त्यानं कणीक मळवेना. शेवटी मी हात झटकले आणि ते काम इंदूबाईंकडे गेलं.

इंदूबाई आमच्याकडे तेरा वर्षांपासून आहेत. भांडी, झाडू, फरशी आणि आता ती खोली. बारीक अंगाच्या, बोलायला कमी. मुलगी पायल लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. इंदूबाई वर्षातून एकच सुट्टी न चुकता मागतात, दसऱ्याची. त्या दिवशी त्यांना नागपूरला दीक्षाभूमीवर जायचं असतं. पांढरं लुगडं आठ दिवस आधीच धुऊन, घडी घालून ठेवतात.

यंदा दसऱ्याच्या बारा दिवस आधी नरहरराव लोहाऱ्याहून एक गोणपाटात गुंडाळलेली वस्तू मांडीवर घेऊन रिक्षानं आले. उखळी तोफेचा गोळा. खाली माशासारखं शेपूट, पोट फुगीर, वर टोकाला भोक. वर हिरवा रंग ताजा मारलेला. असाच एक गोळा त्यांच्याकडे दोन वर्षांपासून होता, निकामी केल्याच्या कागदासकट. आता जोडी झाली म्हणून स्वारी खूश होती. याचा कागद कुठाय विचारलं तर म्हणाले, भंगारवाला लखीराम आणून देणार आहे.

दुसऱ्या दिवशी खोली झाडता झाडता इंदूबाई दारात आल्या. हातात फडकं तसंच होतं.

"बाई, हे नवं वालं जड हाय."

"लोखंडाचं आहे, जड असणारच."

"तसं नाई. जुनं उचललं, मंग हे उचललं. दोन्ही एकाच मापाचे दिसतेत, पर हे आतून भरेल वाटते." मग थोडं थांबून म्हणाल्या, "माहा भाऊ मारोती फायरिंग रेंजच्या बाजूच्या गावात राह्यते. भंगारात इकाले हेच येचाले जाये तो. रिकामं राह्यलं त हातात समजते म्हणे. एक डाव त्याले नाई समजलं."

मारोतीची उजव्या हाताची तीन बोटं आणि एक डोळा त्या वेळी गेला. हे तेरा वर्षांत त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मी कधी विचारलं नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवलेलं, मला आकडा लागतो. रद्दी द्यायच्या वेळी वापरायचा आकड्याचा काटा काढला. आधी जुना गोळा पिशवीत घालून टांगला, मग श्वास रोखून नवा. साडेसहाशे ग्रॅमचा फरक आला. मी नवा गोळा जागेवर ठेवला आणि नरहररावांना आकडा सांगितला.

नरहरराव हसले. "रंगाचे थर असतात गं. आत माती बसून घट्ट झालेली असते. लखीराम वीस वर्षं या धंद्यात आहे, त्याला कळत नाही आणि तुला कळतं?"

"पोलिसांना दाखवून घ्या."

तिथं मात्र त्यांचं हसू गेलं. पोलीस आले तर ठासणीच्या बंदुकीचाही कागद मागतील आणि तो नव्हता. "सगळं उचलून नेतील. चार वर्षांची मेहनत आहे माझी." एवढं बोलून ते त्या ग्रुपवर जोडीचा फोटो टाकायला गेले.

मी स्वतः पोलिसांत जाऊ शकले असते. गेले नाही. कॉलनीत तमाशा नको, अभिषेकच्या सासरी कळायला नको, अशी कारणं मी मनात लावत बसले. केलं एवढंच की त्या खोलीत पाऊल टाकणं बंद केलं. इंदूबाईंनी विचारलं, "ते बी पुसू का, बाई?" मी म्हणाले, "साहेबांना धूळ चालत नाही. हलवू नका, वरवर पुसा." रोज सकाळी त्या आत जायच्या, मी समोरच्या खोलीत पेपर घेऊन बसायची. एकच ओळ चारदा वाचायची. त्या बाहेर आल्या की मला हायसं वाटायचं.

खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पूजतात. सुताराची करवत, शेतकऱ्याचा विळा, रिक्षावाल्याची रिक्षा. आमच्याकडे पूर्वी विळी आणि माझी कंपासपेटी मांडायचो. आता अख्खा पलंगाएवढा चौरंग मांडला जातो. त्यावर लाल कापड, कापडावर तलवारी, संगिनी, पुंगळ्यांमध्ये झेंडूची फुलं आणि मधोमध ती जोडी. सकाळी फिरायला जाणारी सात-आठ मित्रमंडळी बोलावलेली. इंदूबाईंना संध्याकाळी सहाच्या एसटीनं नागपूरला निघायचं होतं, तरी भांड्यांसाठी नरहररावांनी त्यांना दुपारी थांबवूनच घेतलं. त्यांची पिशवी मागच्या दाराशी भरून ठेवलेली होती.

नरहररावांनी सोवळं नेसलं होतं. तलवारीला हळद-कुंकू लावलं, संगिनीला लावलं. ज्या पात्यानं कुणाची तरी आतडी बाहेर काढली असं ते कौतुकानं सांगतात, त्याच पात्याला अक्षता वाहिल्या आणि हात जोडले. मी उठून आत गेले. तेवढ्यात त्यांनी स्वयंपाकघरात हाक दिली, "उदबत्ती उभी करायला जराशी कणीक दे गं." मी दिली. दरवर्षी पाटावर कणकेचा गोळा चिकटवून त्यात उदबत्ती खोचतो, तसंच असेल असं वाटलं.

मी प्रसादाचं ताट घेऊन आले, तर नव्या गोळ्याच्या वरच्या भोकात माझी कणीक थापलेली आणि तिच्यात दोन उदबत्त्या जळत असलेल्या. एक कलली होती. तिचं जळतं टोक भोकाच्या काठापर्यंत आलं होतं. मंडळी हात जोडून उभी होती आणि एक जण मोबाइलवर व्हिडिओ काढत होता.

मी ताट खाली टाकलं. कणकेसकट दोन्ही उदबत्त्या उपटून काढल्या, हातानंच विझवल्या. बोट भाजलं. "हा गोळा भरलेला आहे," मी म्हणाले. "मी वजन केलंय. यांना दहा दिवसांपासून ठाऊक आहे."

"शोभा, लोकांसमोर काय हे," नरहरराव म्हणाले.

पाहुण्यांत खेमसिंग राठोड होते. वीस वर्षं फौजेत राहिलेले, आणि त्या सगळ्या खोलीत खरी लढाई पाहिलेला तेवढा एकच माणूस. नारळ फोडायचा मान म्हणून नरहरराव त्यांना दरवर्षी आग्रहानं आणत. ते पुढे आले, गोळ्याला हात न लावता वाकले, मोबाइलचा दिवा भोकात टाकला आणि पाहत राहिले.

"आत पिवळं हाय," ते हळूच म्हणाले. "नरहरराव, ही माती नोहे, बारूद हाय. सगळे बाहेर निघा. पळू नका, ढकलू नका. मी पोलिसाले फोन करतो."

कुणी पळालं नाही हे खरं, पण कुणी मागंही पाहिलं नाही. एकाच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. व्हिडिओवाला अजून काढतच होता. खेमसिंग फाटकाबाहेर जाऊन फोनवर पत्ता सांगू लागले आणि शेजारच्या घरांची दारं वाजवू लागले.

मी स्वयंपाकघरात इंदूबाईंना बाहेर काढायला गेले. नरहरराव माझ्या आधी मागच्या अंगणात पोचले होते. सोवळं दोन्ही हातांनी धरून ते खिडकीबाहेर उभे होते, बाहेरच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला. तिथून ते इंदूबाईंशी बोलत होते.

"इंदूबाई, पोलीस यायला अजून वीस मिनिटं आहेत. तो हिरवा गोळा तेवढा फडक्यात घ्या आणि मागच्या नाल्यात नेऊन ठेवा. हळू न्या, काही होत नाही."

मी म्हणाले, "तुम्ही का नाही नेत?"

"अगं, त्यांना सवय आहे," ते म्हणाले. "रोज तर त्याच पुसतात."

पालीला घाबरणाऱ्या माणसाची मला आजवर दयाच येत होती. त्या घटकेला त्याचं तोंडसुद्धा पाहवेना. त्या सोवळ्याची, कपाळावरच्या गंधाची, खिडकीच्या गजांवर ठेवलेल्या त्या स्वच्छ बोटांची, सगळ्याचीच शिसारी आली. आणि इकडे इंदूबाईंनी नळ बंद केला, पदराला हात पुसले, खुंटीवरचं फडकं घेतलं. तेरा वर्षांत त्यांनी सांगितलेल्या कामाला कधी नाही म्हटलं नव्हतं, म्हणून आताही त्या निघाल्याच होत्या.

मी दारात आडवी झाले. "नाही जायचं," म्हणाले. "कुणीच नाही जायचं." त्यांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं, दंडाला धरून त्यांना मागच्या दारानं बाहेर काढलं, त्यांची पिशवी स्वतः उचलली. नरहरराव मागून म्हणत राहिले की सगळं जाईल, बंदूक जाईल, तलवारी जातील. मी वळले नाही.

गल्लीच्या टोकाला पुलाच्या कठड्यावर आम्ही दोघी बसलो. पोलिसांची गाडी आली. त्यांनी दोरी बांधली, लोकांना मागं सारलं आणि निकामी करणारं पथक यायला संध्याकाळ होईल असं सांगितलं. नरहरराव समोरच्या घराच्या ओट्यावर बसून एका हवालदाराला बंदूक किती जुनी आहे ते समजावून सांगत होते. माझं भाजलेलं बोट ठणकत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्या बोटाचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

"साहेब काहीही म्हणोत, इंदूबाई," मी म्हणाले, "मी तुम्हाला तो उचलू दिला नसता."

त्या रागात नव्हत्या. पिशवीतलं पांढरं लुगडं मळलं तर नाही ना ते त्यांनी पाहिलं आणि चेन लावली.

"उचलू नाई देलं, खरं हाय," त्या म्हणाल्या. "पर दहा दिवस पुसू त देतच होत्या ना, बाई. मी आत जाओ तवा तुमी समोरच्या खोलीत जाऊन बसत होत्या. मले दिसे ते."

आतापर्यंत सगळी किळस मी त्या ओट्यावर बसलेल्या माणसाची करत होते. आता ती माझी मलाच आली. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही.

इंदूबाई उठल्या. सहाच्या गाडीला अजून वेळ होता. मी म्हणाले, मी स्टँडपर्यंत येते, पिशवी धरते. त्यांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या, बाई," त्या म्हणाल्या. "तुमी तुमचं घर पाहा."