माशाचं तेल आणि पुष्पलताचं लुगडं

मासोळी मी सोडली ती माझी पोरगी पुष्पलता पाच वर्षांची असताना. तिला टायफाइड झाला होता आणि एकवीस दिवस ताप हटेना. तेव्हा तिच्या खाटेपाशी उभा राहून मी बोलून गेलो की पोरगी वाचली तर मासोळीला शिवणार नाही. सोडण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. दारू मला कधी सोसली नाही, पानाचा नाद नव्हता. सक्करदऱ्याच्या तलावातली मरळ आणि तिचा तिखट रस्सा, एवढंच माझं सुख होतं. पोरगी वाचली आणि मी शब्द पाळला.

पाळला, पण गप्प बसून नाही. पुढच्या बारा वर्षांत तांडापेठेतल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत असा एक माणूस उरला नाही, ज्याला मी हे दोनदा सांगितलं नाही. पंगतीत वरणभात आणि वांग्याची भाजी असली तरी मी वाढप्याला सांगायचो की मला मासोळी वाढू नका, मी सोडली आहे. वाढपी बिचारा भांड्यात वाकून बघायचा. गल्लीतून मासे विकणारी गेली की मी मान फिरवायचो, आणि फिरवलेली मान दोनचार जणांनी बघेपर्यंत तशीच धरून ठेवायचो.

छप्पन साली नागपूरचं राजधानीपण गेलं, त्याच हिवाळ्यात माझी बोटंही गेली. संधिवात चार-पाच वर्षांपासून होता, पण त्या थंडीत सकाळी मूठच मिटेना. मागावर बसणाऱ्याला पाय लागतात, डोळे लागतात, पण खरी लागतात ती बोटं. ताण्याचा उभा धागा तुटला की अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरून, पीळ देऊन सांधावा लागतो. मी पीळ द्यायला जायचो आणि धागा हातातून सुटून पडायचा.

पुष्पलताचं लग्न उमरेडच्या घरी ठरलं होतं, वैशाखात. आमच्यात मुलीचं लग्नाचं लुगडं बापाच्या हातचं असतं. उमरेडची माणसंही विणकरच, पदर हातात धरून विचारणार की कोणाच्या मागावरचं. शेजारचा मारोतराव म्हणाला, मी विणून देतो, कोणाला कळतं. मी नको म्हटलं. बापाचा मान वगैरे पुष्कळ बोललो, पण खरी गोष्ट अशी की मारोतरावाचे काठ वाकडे येतात.

महाल भागातल्या श्रीधर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोटं एकेक करून दाबली, माझं ओरडणं ऐकून घेतलं आणि माशाचं तेल सुचवलं. रोज दोन चमचे. मी विचारलं, नक्की गुण येईल का?

"बाबनराव, कोणाला येतो, कोणाला येत नाही," ते म्हणाले. "दोन महिने घेऊन बघा. खात्री मी देत नाही."

इथेच माझी पंचाईत झाली. नक्की बरं वाटेल म्हणाले असते तर शपथ मोडायची हिंमत केली असती. काही उपयोग नाही म्हणाले असते तर शपथ पाळायचं पुण्य घेतलं असतं. त्यांनी मला मधेच सोडलं. शपथ मोडली आणि तेलही लागू पडलं नाही तर? आणि लागू पडलं, पण ज्या पोरीच्या जिवासाठी मासोळी सोडली तिलाच लग्नाच्या तोंडावर काही झालं तर? हे मी कोणाला बोललो नाही, पण भीती खरी तीच होती.

बाटली मात्र इतवारीच्या बाजारातून घेऊन आलो. घरी न नेता आधी मारोतरावाकडे नेली. त्याने ती उजेडात धरली, वरचं माशाचं चित्र बघितलं आणि निकाल दिला.

"बाबन, तुह्यी शपथ सक्करदऱ्याच्या मासोळीची. ही विलायतची. हिनं तुह्यं काय केलं गा?"

मला हे पटलं, आणि इतक्या लवकर पटलं की माझा माझ्यावरच संशय आला. घरी येऊन बूच काढलं. वास आला. बायकोला, रुख्माबाईला, तो वास आला असता तर तिने बाटली गल्लीत भिरकावली असती. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मग मी तेल घेऊ कसा? हे औषध बोटांना पाहिजे होतं की जिभेला, हेच मला सांगता येईना. बूच लावलं.

चित्रावरून बोभाटा नको म्हणून ते तेल मी मागाखाली पाय सोडून बसायच्या खड्ड्यातल्या कोनाड्यात असलेल्या जुन्या बाटलीत ओतलं. त्या बाटलीत एरवी सुताच्या खळीत घालायचं तेल असायचं, तेव्हा ती रिकामी होती. खड्ड्यात माझ्याशिवाय कोणी उतरत नाही, तेव्हा घरात त्याहून सुरक्षित जागा नव्हती. आठ दिवस रोज सकाळी खड्ड्यात बसून मी बूच काढायचो, वास घ्यायचो, पुष्पलताचा चेहरा आठवायचो आणि बूच लावायचो. एक थेंबही घेतला नाही. वास घेणं शपथेत बसतं की नाही, याचा विचार मुद्दाम केला नाही.

नवव्या दिवशी लुगड्याच्या ताण्याची पाजणी होती. पाजणी म्हणजे सुताला खळ पाजणं. तांबडं फुटायच्या आत सगळा ताणा गल्लीत बांबूंवर लांब पसरायचा, भाताची खळ शिजवून तिच्यात थोडं तेल घालायचं, आणि ती सुताला लावून मोठ्या कुंच्याने वाळेपर्यंत ओढत राहायचं. एका घराचं हे काम नव्हे. शेजारपाजारची माणसं येतात. रुख्माबाईला पडसं झालं होतं. तिने अंगणातून हाक मारली, "अहो, तेल द्या." तीस वर्षं पाजणीच्या सकाळी ही हाक आली की माझा हात कोनाड्याकडे जातो. तसाच गेला. बाटली मी माझ्या हाताने तिला दिली. तिने अर्धी खळीत ओतली, ढवळली, आणि आम्ही ती खळ पुष्पलताच्या लुगड्याच्या सुताला टोकापासून टोकापर्यंत पाजली.

उजाडलं, सूत तापायला लागलं, तसा वास उठला. आधी बोलली समोरची गोदूबाई. आज कोणाच्या घरी मासोळी शिजते, असं तिने गल्लीला विचारलं. कोणाच्याच नव्हती. मग मांजरं आली. कौलांवरून, नालीच्या बाजूने, मी जन्मात न बघितलेली मांजरं. एक तर ताण्याखाली बसून वरचं सूत चाटायला लागलं. मारोतराव कुंचा घेऊन त्यांच्यामागे धावला. गोदूबाईने वाकून सुताचा वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"बाबनभाऊ, तुम्ही तं सोडली होती ना?"

बारा वर्षं जे मी सगळ्यांना ऐकवलं होतं ते सगळ्यांना नीट पाठ होतं. मी सांगून बघितलं की मी घेतलं नाही, नुसता वास घेत होतो. एखादा चोर पोलिसाला म्हणेल की मी नुसता बटवा मोजत होतो, तसं ते ऐकू आलं. लोक इतके हसले की ताणा धरलेले दोघं खाली बसले. हसली नाही ती फक्त पुष्पलता. ती खळीचं भांडं तिथेच ठेवून माझ्यापाशी आली.

"बाबा, खरंच घेतलं नाही?"

"नाही."

"काहून?"

तिने माझ्या हातांकडे बघितलं. मी कुंचा मनगटांमध्ये दाबून धरला होता, कारण बोटांत तो राहत नव्हता.

"शपथ माह्या नावाची होती ना," ती म्हणाली. "मग मी सोडवली. मासोळी नका खाऊ, पण हे घ्या. तुमच्या पोटात गेलं तं माह्यं लुगडं होते. सुतात गेलं तं मांजरायचं होते."

तिने घरातून चमचा आणला, बाटलीत उरलेल्या तेलाने भरला आणि सगळ्या गल्लीसमोर माझ्या तोंडाशी धरला. मी तिच्याकडे बघत गिळला. बारा वर्षं ज्या चवीची आठवण काढली तिचा त्यात मागमूस नव्हता. जुन्या दिव्यातलं तेल, त्यात मीठ, आणि त्यात कोणीतरी मेलेलं. डोळ्यांतून पाणी आलं. पण मन हलकं झालं. इतकी घाण चीज जिभेला पाहिजे असणं शक्य नव्हतं. म्हणजे ती मला औषध म्हणूनच पाहिजे होती.

दोन महिने रोज सकाळी ओट्यावर बसून, सगळ्यांसमोर, दोन चमचे घेतले. गुण आला का, हे मला आजही सांगता येत नाही. महिन्याभराने मूठ अर्धी मिटायला लागली. पण तोवर थंडीही कमी झाली होती, आणि रुख्माबाई रोज रात्री तिळाच्या तेलाने बोटं शेकत होती. ती म्हणते, माझ्या शेकण्याने. मारोतराव म्हणतो, विलायतच्या मासोळीने. डॉक्टर म्हणाले, बाबनराव, मी सांगितलं होतं ना, खात्री देत नाही. धागे सांधताना बरेच सुटले, पुष्कळ वेळा पुष्पलताने खड्ड्याच्या काठावर बसून ते माझ्या बोटांत धरून दिले. लुगडं हळदीच्या चार दिवस आधी मागावरून उतरलं. रिठ्याच्या पाण्यात तीनदा धुतलं.

दिवाळीला पुष्पलता माहेरी आली तेव्हा तिने सांगितलं की उमरेडच्या घरात सगळं ठीक आहे, फक्त सासूबाईंची मांजर तिच्या पेटीवरून उठत नाही. सासूबाई म्हणतात, पोरीचा पायगुण चांगला, मांजरालाही लळा लागला.

त्या चमच्याच्या बदल्यात मी दुसरं काहीतरी सोडायचं ठरवलं होतं, नाहीतर मन खात राहिलं असतं. म्हणून मासोळी सोडल्याचं सांगणं सोडलं. ते मासोळीपेक्षा जड गेलं. पंगतीत वाढपी समोर आला की अजून ओठ शिवशिवतात, पण दोन वर्षं मी गप्प आहे. मधल्या काळात प्रौढांच्या वर्गात जाऊन ह्याच बोटांनी अक्षरं शिकलो, आणि हातात पेन्सिल नीट धरता येते म्हटल्यावर सगळ्यात आधी लिहून काढलं ते हे. म्हणजे तीही शपथ गेली.